कोणत्या दिवसाची जमीन? जालना जिल्ह्यातल्या एका खदानीच्या ब्लॉक मॉडेलचं प्रकरण

हे प्रकरण जालना जिल्ह्यातल्या काळ्या दगडाच्या एका खदानीचं आहे. गाव, गट नंबर आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. आकडे ओळख पटू नये इतपत फिरवले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तेच ठेवलं आहे. ब्लॉक मॉडेल, म्हणजे जमिनीचा संगणकावर ठोकळ्यांनी बनवलेला नमुना, आमच्याच टेबलावर तयार झालं आणि पहिली चूकही आमचीच होती.

पार्श्वभूमी

खाणपट्टा ३.६ हेक्टरचा. १८० मीटर रुंद, २०० मीटर लांब. पूर्वेकडच्या साधारण ९,००० चौरस मीटरमध्ये खड्डा झालेला, बाकी जमीन तशीच. कुठे कुळवलेली, कुठे पड. बाजूला खडी क्रशर. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आम्हीही अण्णाच म्हणायचो.

अण्णांना सुधारित खाण आराखडा द्यायचा होता. त्यासाठी दोन आकडे लागत होते. एक, जमिनीत अजून किती दगड शिल्लक आहे. दोन, आजवर किती उचलला गेला. पहिला आकडा पुढच्या परवानगीसाठी, दुसरा भरलेल्या रॉयल्टीशी ताडून बघण्यासाठी. दुसरा आकडा पावत्यांपेक्षा जास्त निघाला तर त्याचा अर्थ परवानगीशिवाय उत्खनन असा होतो, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटापर्यंत दंड बसू शकतो. लहान खदानवाल्याला तो झेपत नाही.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला आहे. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर भूगर्भतज्ज्ञाइतकेच पाठ असतात: वर काळी माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या, खाली काळा पाषाण, आणि दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये कधी लाल गेरूचा पट्टा. इथे माती आणि मुरूम मिळून सरासरी साडेतीन मीटर होता. त्याखालचा पाषाण म्हणजे अण्णांचा माल.

आमच्याकडे १४ बोअरच्या नोंदी होत्या आणि ताजं ड्रोन सर्वेक्षण होतं. ड्रोनच्या उंच्या पहिल्यांदा आल्या तेव्हा जमीन बोअरच्या तोंडापेक्षा ६०-७० मीटर खाली दिसली. ड्रोनला उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून मोजलेली असते आणि बोअरची समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात त्या दोघींत एवढं अंतर पडतंच. ही चूक मला भीतीची वाटत नाही, कारण ती ओरडून सांगते. झोनचंही तसंच. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात. जालना झोन ४३ मध्ये, पण नांदेडच्या किनवटला गेलं की झोन ४४ लागतो. तिथे चुकलात तर खदान नकाशावर भलतीकडेच जाऊन बसते आणि लगेच कळतं. या प्रकरणातल्या खऱ्या चुका मात्र गप्प बसणाऱ्या होत्या.

अडचण

ब्लॉक मॉडेल म्हणजे जमिनीचे विटांसारखे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळ्याला सांगायचं, तू माती, तू मुरूम, तू पाषाण, तू हवा. हे सांगायचं काम कन्स्ट्रेंट करतं. शेताला बांध असतो तसा मॉडेलला घातलेला हा बांध. जमिनीचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्याने बनवायचा, ज्याला डीटीएम म्हणतात, आणि अट घालायची: या पृष्ठभागाच्या वर ते हवा, खाली ते जमीन. सरपॅक, डेटामाइन, मायक्रोमाइन, लीपफ्रॉग, कोणतंही सॉफ्टवेअर वापरा. बटणं वेगळी, कल्पना हीच.

आमच्या ऑपरेटरने १० × १० × ५ मीटरचे ठोकळे घेतले आणि कडेला ते १.२५ मीटर उंचीपर्यंत फोडले. पहिल्या छेदात, म्हणजे मॉडेल उभं कापून पाहिलं तेव्हा, मुरुमाचे तपकिरी ठोकळे आकाशात तरंगताना दिसले. त्याने आधी हवा भरली होती आणि मग ‘मुरुमाच्या तळाच्या वर ते मुरूम’ ही अट चालवली होती. नंतरच्या अटीने आधीची पुसली. भरण्याचा क्रम बदलला, हवा शेवटी ठेवली आणि ते निस्तरलं. मुलगा हुशार आहे, छेद पाहिल्याशिवाय रिपोर्ट काढत नाही.

रिपोर्ट आला: शिल्लक पाषाण ४.६२ लाख घनमीटर.

मी नेहमीप्रमाणे कागदावर हिशोब करून पाहिला. न खणलेली २७,००० चौरस मीटर जमीन, मुरुमाच्या तळापासून ठरलेल्या खोलीपर्यंत साडेबारा मीटर: ३,३७,५००. खड्ड्याखाली ९,००० चौरस मीटर, आठ मीटर: ७२,०००. बेरीज ४,०९,५००. फरक सुमारे ५२,६०० घनमीटरचा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे साडेअठरा हजार ब्रास दगड कागदावर होता आणि जमिनीत नव्हता.

दुसरा आकडा त्याहून वाईट निघाला. उचललेला माल काढायला दोन पृष्ठभाग लागतात, खणण्याआधीचा आणि आजचा. आजचा ड्रोनने दिला. आधीचा कुठून आणायचा? आम्ही एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेली, तयार उंची उतरवून घेतली आणि तीच ‘मूळ जमीन’ धरली. उत्तर आलं ८७,३०० घनमीटर. अण्णांच्या पावत्या घन मापात बदलून आणि आवारातल्या मुरुमाचा ढीग जमेला धरून हिशोब ६९,५०० वर थांबत होता. मध्ये जवळजवळ ६,३०० ब्रासचं अंतर.

अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सर, एवढा दगड मी उचललाच नाही. क्रशरची एवढी ताकदच नाही की.”

शिल्लक दगडाचा घोळ

आधी पहिला आकडा घेऊ, तो लवकर सुटला.

पन्नास हजारांच्या फरकात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. पहिली ठोकळ्यांच्या पायऱ्यांची. पृष्ठभाग ठोकळ्याच्या मधून जातो तेव्हा तो ठोकळा आत धरायचा की बाहेर, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. आमच्याकडे ‘अर्धवट कापलेले ठेवा’ ही खूण चालू राहिली होती. त्यामुळे प्रत्येक कापलेला ठोकळा पूर्ण मोजला गेला, म्हणजे सरासरी अर्धी उंची फुकटची. १.२५ मीटरचं अर्धं, गुणिले ३६,००० चौरस मीटर: २२,५०० घनमीटर. खूण काढली असती तर जवळपास तेवढाच दगड उलट कमी झाला असता. सपाट माळावर ही चूक सगळीकडे एकाच बाजूला पडते, एकमेकींना खात नाही.

दुसरी कडेची. मुरुमाच्या तळाचा पृष्ठभाग १४ बोअरवरून विणलेला. त्रिकोणांचं जाळं सगळ्यात बाहेरच्या बोअरपाशी संपतं, पट्ट्याच्या हद्दीपर्यंत पोचत नाही. बाहेर राहिलेल्या सुमारे ८,६०० चौरस मीटरमध्ये तो पृष्ठभागच नव्हता. आमच्या मांडणीत तिथले ठोकळे ‘वर नाहीत’ म्हणून पाषाणच राहिले, अगदी जमिनीपर्यंत. साडेतीन मीटर मुरूम पाषाण म्हणून मोजला गेला. ३०,१०० घनमीटर.

पायऱ्यांवर तीन उपाय होते. ठोकळे अगदी बारीक करायचे, कडेचे आणखी फोडायचे, किंवा प्रत्येक ठोकळ्यात किती टक्के पाषाण आहे हे वेगळ्या रकान्यात लिहायचं. आम्ही तिसरा घेतला, ठोकळा ५ × ५ × २ मीटर करून. सगळे मिळून २१,६०० ठोकळे, साध्या लॅपटॉपवरही चालतात. टक्केवारीमुळे पृष्ठभागाने कापलेला तेवढाच भाग वजा होतो.

कडेचं ठरवायला जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. मुरुमाचा तळ हद्दीच्या बाहेरपर्यंत वाढवायचा, पण कसा? शेवटच्या बोअरची उंची तशीच आडवी ओढली तर उताराच्या बाजूला मुरूम नाहीसा होतो आणि चढाला दुप्पट होतो. मुरूम हा वरून झिजलेला खडक आहे. पाणी जमिनीवरून मुरतं, म्हणून झीज जमिनीच्या उताराबरोबर चालते. गेरूचं तसं नाही. तो लाव्हाच्या दोन थरांमधला, जवळजवळ आडवा, वरच्या ओढ्या-टेकाडाशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून मुरुमाचा तळ जाडी धरून जमिनीखाली खेचला आणि गेरूचा थर समुद्रसपाटीची उंची धरून आडवा ओढला. एकाच मॉडेलमध्ये दोन थरांना दोन नियम. मला वाटतं, या कामात भूशास्त्र खऱ्या अर्थाने वापरलं गेलं ते इथे.

पडताळा शेजारच्या आबांच्या विहिरीने दिला. विहीर हद्दीच्या ईशान्य कोपऱ्याला लागून, आतून अर्धी बांधलेली. बांधकामाखाली उघड्या भिंतीत मुरूम संपून पाषाण सुरू होतो ती रेघ बोटाने दाखवता येते. जमिनीपासून अकरा-साडेअकरा फुटांवर. आमच्या साडेतीन मीटरला ती धरून होती.

नवा रिपोर्ट ४.०६ लाखांवर आला. हातहिशोबापासून एक टक्क्याच्या आत. हद्दीलगतचा साडेसात मीटरचा सुरक्षा पट्टा आणि खदानीच्या पायऱ्यांचे उतार सोडल्यावर खरोखर काढता येण्यासारखा पाषाण तीन लाख घनमीटरच्या आसपास राहिला.

उचललेल्या मालाचा घोळ

आता ते ६,३०० ब्रास.

मी ऑपरेटरला विचारलं, “ही मूळ जमीन कोणत्या दिवसाची?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं, कारण हा प्रश्न मी काम सुरू होताना विचारला नव्हता. फाईलचं नाव होतं ‘टोपो_ओरिजिनल’.

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानातून रडारने झाली. तिची एक उंची साधारण ३० मीटर बाजूच्या चौकोनाची. आमच्या सगळ्या पट्ट्यात असे चाळीसेक चौकोन बसतात. उभ्या अचूकतेचं मोहिमेचं उद्दिष्टच १६ मीटरचं होतं. प्रत्यक्ष ती त्याहून बरीच चांगली निघते, आणि जिल्ह्याचे ओढे-नाले रेखायला हा डेटा उत्तम आहे. पण या पट्ट्यात जमीन एक मीटर वरखाली झाली तर ३६,००० घनमीटर, म्हणजे १२,७०० ब्रास इकडचे तिकडे होतात. त्या कामासाठी तो बनलेलाच नाही.

मग जी तपासणी पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली. जिथे कधीच खणलं नाही त्या पश्चिमेकडच्या जमिनीवर एसआरटीएम आणि ड्रोन यांची वजाबाकी. तिथे उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं. आलं २.१ मीटर. एसआरटीएम तेवढी वर होती. गुणिले ९,००० चौरस मीटरचा खड्डा: १८,९०० घनमीटर. अण्णांनी न उचललेला दगड तो हाच.

पर्याय चार होते. एसआरटीएम सरळ २.१ मीटर खाली उतरवायची: सोपं, पण चाळीस चौकोनांचा ओबडधोबडपणा तसाच राहतो, आणि उद्या कुणी विचारलं तर सांगणार काय, आम्ही उंची सरकवली? भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा: समोच्च रेषा २० मीटरच्या, आमच्या माळावरून एखादी गेली तर गेली. खड्ड्याच्या काठावरची न हललेली जमीन घेऊन मधली विणायची: हे बरं, पण खड्ड्याच्या जागी टेकाड होतं की खोलगट, हे काठ सांगत नाही. चौथा, पट्टा मिळाला तेव्हाचा मूळ नकाशा शोधायचा.

तो अण्णांच्या घरी पत्र्याच्या पेटीत मिळाला, घडीवर फाटलेला. टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, केलेली मोजणी, एक मीटरच्या समोच्च रेषा, खाली तारीख. पण उंच्या समुद्रसपाटीच्या नव्हत्या. कोपऱ्यात लिहिलेलं: विहिरीचा कठडा, १००.०००. तेव्हाच्या सर्वेअरने आबांच्या विहिरीचा कठडा शंभर धरून सगळी जमीन मोजलेली होती. ही सर्रास पद्धत आहे आणि त्यात गैर काही नाही, जोवर कठडा जागेवर आहे.

आम्ही कठड्यावर जीपीएसचा दांडा धरला, नकाशा त्यावर बांधला. ऑपरेटर निघायच्या बेतात होता. आबा जवळच बसून बघत होते. म्हणाले, “हा कठडा तव्हाचा न्हाई बरं का. जुना ठेंगणा होता. लेकरू डोकावायलं म्हणून वाढवून घेतला.”

वाकून पाहिलं तर सिमेंटचा रंग दोन होता. खाली काळवंडलेला, वर दीडेक फुटाचा पट्टा उजळ.

त्या एका वाक्याने काम वाचलं. नकाशावर चारही हद्दीच्या दगडांच्या उंच्या लिहिलेल्या होत्या. एक दगड पोकलेनने लोळवलेला सापडला, तो सोडला. उरलेल्या तिघांवरून बांधणी केली तर ते आपसात ४ सेंटिमीटरच्या आत जुळले, आणि कठडा त्यांच्यापेक्षा ४४ सेंटिमीटर वर निघाला. कठडा धरून पुढे गेलो असतो तर जवळपास चार हजार घनमीटर, चौदाशे ब्रास, पुन्हा अण्णांच्या डोक्यावर आले असते.

तीन दगडांवर बांधलेला पृष्ठभाग न खणलेल्या जमिनीवर ६० जागी ताडला. सरासरी फरक ७ सेंटिमीटर. नांगरटीच्या रानात याहून चांगलं मी मागणार नाही.

पाण्याचा प्रश्न

आता खणलेला माल ६८,४०० घनमीटर आला. पावत्यांपेक्षा कमी. अण्णा खुश झाले. मला मात्र छेद पाहताना खड्ड्याच्या एका कोपऱ्यात तळ काचेसारखा सपाट दिसला. सुरुंग लावलेल्या खदानीचा तळ असा नसतो. पाणी होतं ते. ड्रोन दिवाळीनंतर उडवलेला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलेलं, आणि छायाचित्रांवरून बनलेल्या पृष्ठभागाने पाण्याची पातळीच तळ धरली.

“पाण्याखालचं कोण पाहायलंय, सर? दिसतंय तेवढंच मोजा की,” अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, “अण्णा, मे महिन्यात पाणी आटेल. तेव्हा कुणी मोजलं आणि हे निघालं, तर त्या जुन्या नकाशावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तो नकाशा आपला सगळ्यात मोठा साक्षीदार आहे.”

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, या म्हणून. ट्यूब, दोरी आणि दोरीला लोखंडी वजन, त्यांनीच जमवून ठेवलं होतं. पाच-पाच मीटरवर खोली घेतली. १,१०० चौरस मीटरवर सरासरी ३.२ मीटर, म्हणजे ३,५०० घनमीटर. एकूण ७१,९००.

निष्पत्ती

पावत्यांपासून राहिलेलं अंतर २,४०० घनमीटर, ८५० ब्रासच्या आसपास. ६,३०० वरून ८५०. ते अण्णांनी आराखड्यासोबत स्वतःहून लिहून दिलं. पुढे त्याच तीन दगडांवरून फेरमोजणी झाली, तिच्यात मोठा फरक निघाला नाही, आणि राहिलेली रक्कम त्यांनी भरली. दंडाचा विषय निघाला नाही.

अहवालात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या. कापलेला माल आणि भरलेला माल वेगळे दाखवले, कारण मुरुमाचा ढीग आजच्या पृष्ठभागावर जमीन म्हणूनच दिसतो आणि निव्वळ वजाबाकीत खड्ड्यातला माल खाऊन टाकतो. आणि सगळे ब्रास जमिनीतले घन ब्रास आहेत, गाडीतले सैल नव्हेत, हे पहिल्याच पानावर लिहिलं.

पुन्हा करायचं झालं तर

ड्रोन मे महिन्यात उडवेन, पाणी आटलेलं आणि रानं मोकळी असताना. मॉडेलला हात लावण्याआधी न हललेल्या जमिनीवर दोन्ही पृष्ठभागांची वजाबाकी करेन. त्याला अर्धा तास लागतो. आम्ही ती शेवटी केली आणि त्यात अण्णांचे तीन आठवडे गेले, झोपेसकट. नकाशा मागायचा तो घरच्या पेटीपर्यंत जाऊन मागेन, ‘नाही मिळत’ यावर थांबणार नाही. ऑपरेटरने आता फाईलच्या नावातच मोजणीची तारीख आणि उंचीचा आधार घालायला सुरुवात केली आहे, ‘ओरिजिनल’ आणि ‘फायनल’ हे शब्द त्याने बंद केले.

एक निर्णय मला अजून खटकतो. ईशान्य कोपऱ्यात मुरुमाची जाडी आम्ही एका विहिरीच्या भरवशावर धरली. हद्दीवर तीन बोअर घेतले असते तर अंदाजाची गरजच नव्हती, आणि खर्च या सगळ्या धावपळीपेक्षा कमी आला असता. अण्णांनी ते बोअर आता तूर निघाल्यावर घ्यायचं कबूल केलं आहे. लोळवलेल्या दगडाच्या जागी नवा दगड काँक्रीटमध्ये बसवून झाला आहे, त्यावर लाल रंगात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली आहे.